अळणी नैवेद्य आणि गोठ्यातले मीठ : कावेरीखोऱ्यातील पशुपोषणाच्या उणिवांची संहिता-परंपरा

१. उणीव आणि नोंद

जनावरांच्या रोगांचा इतिहास बहुधा साथींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. बुळकांडी आली, एका हंगामात गावेच्या गावे गुरांवाचून ओस पडली, पेरण्या खोळंबल्या. अहवाल लिहिले गेले, खाती स्थापन झाली, लस आली. २०११ साली बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा झाली आणि त्या इतिहासाला रीतसर अखेरही मिळाली. जीवनसत्त्वे आणि खनिजे यांच्या उणिवेतून उद्भवणाऱ्या रोगांना असा आरंभ नसतो आणि अशी अखेरही नसते. गाय मरत नाही; ती उशिरा माजावर येते, कमी दूध देते, माती चाटते. बैल कोसळत नाही. तो नांगराला लवकर दमतो. वासरू जगते, पण खुजे राहते. काही घडलेच नाही असे वाटावे, इतक्या सावकाश हे घडत असते.

त्यामुळे उणिवेच्या इतिहासापुढे एक मूलभूत अडचण उभी राहते. जे होते त्याची नोंद होते. जे नव्हते त्याची नोंद कोणी करावयाची? अमुक इतके मीठ द्यावे असे एखाद्या ग्रंथाने लिहून ठेवले असेल, तरच ते दिले न गेल्याचे जाणवू शकते. उणीव ही प्रमाणाच्या पार्श्वभूमीवरच दृश्यमान होते आणि प्रमाण ही लिखिताची निर्मिती असते. या अर्थाने पशुपोषणातील उणीव हा पशुवैद्यकाइतकाच वाङ्मयाभ्यासाचाही विषय ठरतो. कोणत्या जनावराच्या उणिवेला कोणत्या भाषेत, कोणत्या वाङ्मयप्रकारात आणि कोणाच्या हितासाठी शब्द मिळाले, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. त्यासाठी कावेरीचे खोरे, आणि त्यातही कुंभकोणम्‌जवळचे तिरुनागेश्वरम् हे स्थान निवडले आहे. या एका गावाभोवती स्थलपुराण, शास्त्रग्रंथ, प्रवासवर्णन, करकायदा आणि प्रयोगशाळेतील निबंध अशा पाच प्रकारच्या संहिता एकत्र वाचता येतात, आणि मीठ हे त्या सर्वांना जोडणारे सूत्र ठरते.

२. देवाचे अळणी अन्न

तिरुनागेश्वरम् हे कुंभकोणम्‌च्या पूर्वेस सुमारे सहा किलोमीटरांवरील देवस्थान आहे. नागनाथस्वामींच्या शिवमंदिरात राहूचे स्वतंत्र देवालय असून राहुकाळात तेथे दुधाचा अभिषेक होतो. राहूच्या मूर्तीवरून ओघळताना हे दूध निळसर होते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. गावालगतच विष्णूचे ओप्पिलियप्पन् मंदिर आहे. वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांत ते तिरुविण्णगर या नावाने गणले जाते. या देवाचा नैवेद्य मिठावाचून शिजवला जातो आणि मंदिरात मीठ नेणेही निषिद्ध मानले जाते.

स्थलपुराण असे सांगते. मार्कंडेय ऋषींना तुळशीच्या रोपाखाली एक कन्या सापडली. ती साक्षात भूदेवी होती. ती वयात येताच विष्णू जराजर्जर ब्राह्मणाच्या रूपाने तिला मागणी घालण्यास आला. ऋषींनी ती टाळण्यासाठी सांगितले, की मुलगी अजाण आहे, स्वयंपाकात मीठ किती घालावे हेही तिला कळत नाही. त्यावर वृद्धाने उत्तर दिले, की तिने रांधलेले अळणी अन्नही मला प्रिय आहे. तेव्हापासून देवाने मीठ सोडले.

भाषेच्या अभ्यासकाला या कथेत आणखी एक पदर दिसतो. तमिळमध्ये ‘ओप्पिलि’ म्हणजे ज्याला उपमा नाही असा, तर ‘उप्पिलि’ म्हणजे ज्यात मीठ नाही असा. नम्माळ्वारांच्या तिरुवाय्‌मोळीत या स्थानच्या देवाचे वर्णन आपल्यासारखा दुसरा नसलेला पिता अशा अर्थाने येते. ‘ओ’चा ‘उ’ झाला आणि निरुपम देव अलवण झाला, असा तर्क म्हणूनच केला जातो. ध्वनीच्या एका फरकातून एक पाककर्म, एक निषेध आणि एक विवाहकथा उभी राहावी, हे स्थलपुराण या वाङ्मयप्रकाराच्या स्वभावाला धरूनच आहे.

मराठी वाचकाला येथे आपल्या ‘अळणी’ या शब्दाची आठवण होईल. त्याचे मूळ संस्कृत ‘अलवण’ या शब्दात आहे. मराठीत अळणी अन्नाला बेचव असा अर्थ आला; अळणी बोलणे, अळणी लेखन असे लक्षणेने म्हटले जाऊ लागले. दुसऱ्या बाजूने मीठ सोडण्याचे व्रत ही आपल्याकडील परिचित गोष्ट आहे. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा मराठी वाक्प्रचार आणि मीठ घालणाऱ्याला आयुष्यभर स्मरावे अशा आशयाची तमिळ म्हण, या दोहोंत मीठ हे ऋणानुबंधाचे चिन्ह आहे. म्हणजे दोन्ही भाषांत मिठाच्या अभावाला एक समृद्ध अर्थसृष्टी लाभलेली आहे. मात्र तिचा कर्ता नेहमी देव किंवा माणूस असतो. देव मीठ सोडतो, व्रती मीठ सोडतो. त्यांचा अभाव स्वेच्छेचा आहे, म्हणून तो पुण्यप्रद आहे आणि कथनीयही आहे. ज्याने मीठ सोडलेले नाही, ज्याला ते मिळालेलेच नाही, त्याच्या अभावाला या अर्थसृष्टीत जागा नाही. गोठ्यातले जनावर नेमके येथे बाहेर राहते.

३. राजशकटाची प्रमाणे

जनावरांच्या मिठाचे भारतीय ग्रंथांतील अत्यंत स्पष्ट प्रमाण कौटिलीय अर्थशास्त्रात मिळते, आणि या ग्रंथाच्या आधुनिक इतिहासाचा धागाही याच भूभागात आहे. १९०५ साली तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाला हस्तलिखित दिले, त्यावरून आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणातील गोध्यक्षाच्या प्रकरणात बैलाच्या रोजच्या आहाराची यादी आहे : हिरवी वैरण, तिच्या दुप्पट गवत, एक तुला घाण्याची पेंड, दहा आढक कोंडाकणी, पाच पल ‘मुखलवण’, शिवाय नाकात घालण्यासाठी व पाजण्यासाठी तेल. हत्तीसाठी मिठाचे प्रमाण दहा पल सांगितले आहे. पलाचे मान सुमारे ४० ग्रॅम धरले, तर बैलाचे मीठ दिवसाला २०० ग्रॅमच्या आसपास जाते. आजच्या शिफारशीत प्रौढ जनावराला दिवसाकाठी साधारण ३० ते ५० ग्रॅम मीठ पुरेसे मानले जाते. कौटिल्याचे प्रमाण सढळ आहे, एवढे नक्की.

परंतु ही यादी कोणत्या बैलाची आहे? वेसण घातलेले आणि चालीत उत्तम घोड्याची बरोबरी करणारे वाहनाचे बैल, असे ग्रंथ स्पष्ट सांगतो. ही सरकारी खिल्लाराची शिबंदी आहे. यादीचा हेतू जनावराची काळजी हा जितका आहे, तितकाच कोठारातून निघणाऱ्या मालाचा हिशेब हाही आहे. कुणब्याच्या बैलाने काय खावे याविषयी तिला काही सांगावयाचे नाही.

हत्ती आणि घोडा यांच्या शास्त्रांत हाच पक्षपात अधिक ठळक होतो. पालकाप्याच्या नावावरील हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापला. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने नकुलाचे अश्वशास्त्र १९५२ साली आणि पालकाप्याचे गजशास्त्र १९५८ साली प्रसिद्ध केले. तंजावरच्या मराठी राजांच्या संग्रहातील सचित्र पोथ्यांमुळे ही शास्त्रे नुसती वाचण्याची नव्हे, तर पाहण्याचीही वस्तू झाली. हत्तीचा मद, घोड्याचे भोवरे, ऋतुमानाप्रमाणे बदलणारा आहार, तूप, गूळ, मीठ, औषधी पिंड यांचा विचार या परंपरेत बारकाईने झाला आहे. गाईबैलांच्या उपचारांचे तुटक उल्लेख पुराणांत आणि वैद्यकग्रंथांत आढळतात. पण नांगराच्या बैलाला पालकाप्य किंवा शालिहोत्र यांच्या तोडीचा ग्रंथकार मिळाला नाही.

तंजावरच्या मराठी दरबारातील एक ग्रंथ या संदर्भात विशेष बोलका आहे. व्यंकोजी राजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाने लिहिणाऱ्या रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘भोजनकुतूहल’ रचले. धान्ये, भाज्या, पक्वान्ने, दूध-दही यांचे गुणदोष सांगणारा हा संस्कृत ग्रंथ पदार्थांची मराठी नावेही जागोजाग देतो. निघंटूंच्या ज्या परंपरेत तो बसतो, तीत गाईच्या चाऱ्याचा विचार एका वाटेने येतो : पेंड खाणाऱ्या गाईचे दूध जड आणि कफकारक, असे भावप्रकाशासारखे ग्रंथ सांगतात. चाऱ्याचा परिणाम दुधावर होतो हे ज्ञान येथे आहे. पण वाक्याचा शेवट दूध पिणाऱ्या माणसाच्या प्रकृतीवर होतो. त्याच चाऱ्याने गाईचे काय होते, हा प्रश्न वाक्याच्या कक्षेत येत नाही.

दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी वैद्यकात घातलेले लक्ष सुविदित आहे. धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे सिद्ध होत असत. त्यांच्याच मुद्रणालयातून १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापाच्या कथांचे मराठी रूपांतर छापून निघाले; मराठीतील अगदी आरंभीच्या मुद्रित पुस्तकांपैकी ते एक होय. एकाच दरबारात जनावरे तीन प्रकारे संहितेत आली : शास्त्रात राजवैभवाचे अंग म्हणून, औषधशाळेत रुग्ण म्हणून आणि कथेत नीती सांगणारी पात्रे म्हणून. कावेरीच्या चिखलात राबणारा बैल मात्र ज्या महसुलावर हा सारा व्यवहार चालला, त्याच्या आकड्यांतच शोधावा लागतो.

४. परदेशी प्रवाशाने पाहिलेले शिंगरू

शास्त्रग्रंथ प्रमाण सांगतात. ते कोठे चुकते हे सांगण्यास बाहेरचा साक्षीदार लागतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस चोलमंडल किनाऱ्यावर आलेल्या मार्को पोलोने मअबर देशातील घोड्यांविषयी जे लिहिले आहे, ते या दृष्टीने महत्त्वाचे आहे. येथील राजे दरवर्षी समुद्रमार्गे हजारो घोडे विकत घेतात आणि वर्षअखेर त्यांतील थोडेच उरतात, असे तो सांगतो. उत्तम घोडीला उत्तम घोडा दाखवला, तरी वाकड्या पायांचे, स्वारीला निरुपयोगी शिंगरू जन्मते, असेही तो म्हणतो. लोक घोड्यांना शिजवलेला भात आणि मांस चारतात आणि त्यामुळेच ती मरतात, असा निष्कर्ष त्याने स्वतःच काढला आहे.

सातशे वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनावरून रोगनिदान करणे धाडसाचे आहे. अश्ववैद्यांचा अभाव, दमट हवा, अपरिचित जंतू ही कारणेही तितकीच संभवनीय आहेत. तरीही आधुनिक पशुवैद्यकाला हे वर्णन अपरिचित वाटणार नाही. तांदूळ आणि कोंडा यांत स्फुरद भरपूर व चुना अत्यल्प असतो. असा आहार दीर्घकाळ मिळालेल्या घोड्याचे शरीर रक्तातील चुन्याची पातळी राखण्यासाठी हाडांतून चुना काढू लागते. हाडे मऊ होतात, जबडा सुजतो, चाल बिघडते. युरोपात गिरणीवाल्यांच्या घोड्यांत हा रोग दिसे, म्हणून त्याला ‘कोंड्याचा रोग’ असे नाव पडले होते. घोडीला अशा आहारावर ठेवले, तर तिच्या शिंगराची हाडेही दुबळी राहणार.

प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने महत्त्व निदानाला नसून दृष्टीला आहे. अन्न विपुल आहे, तरी जनावर खंगते. म्हणजे दोष अन्नाच्या प्रमाणात नसून प्रकारात आहे, ही गोष्ट मार्को पोलोने ओळखली. तो घोडे जगवणाऱ्या देशांतून नक्कीच आलेला होता. दोन आहारसंस्कृतींची तुलना त्याला सहज करता आली. उणीव दिसण्यासाठी तुलना लागते, याचे हे लिखित उदाहरण होय.

५. पेंढ्याचा प्रदेश

कावेरीचे खोरे भाताचे आहे आणि भाताच्या प्रदेशात जनावराचे मुख्य खाद्य पेंढा असते. देशावरून आलेल्या मराठ्याला हा फरक जाणवण्याजोगाच होता. देशावर जोंधळ्याचा कडबा गोड, पानांसह खाल्ला जाणारा आणि तुलनेने कसदार. कोकणात व कावेरीकाठी भाताचा पेंढा. पोट भरण्यापुरता पेंढा पुरतो, परंतु त्याचे रासायनिक स्वरूप अनेक बाजूंनी उणे आहे. त्यात प्रथिने फार थोडी असतात. वाळकेपणी कॅरोटिन नष्ट झालेले असते. केवळ पेंढ्यावर राहिलेल्या गाईच्या वासराला ‘अ’ जीवनसत्त्व अपुरे पडते आणि रातांधळेपणापासून आंधळेपणापर्यंतची लक्षणे दिसू शकतात. स्फुरद अत्यल्प असतो. सिलिका भरपूर असल्याने पचन मंदावते. चुना दिसावयास असतो, पण त्याबरोबर ऑक्सॅलेटही असते आणि ते चुना बांधून ठेवते. १९४८ साली तालपात्र, राय आणि सेन यांनी ऑक्सॅलेटयुक्त चाऱ्यावरील रवंथ करणाऱ्या जनावरांच्या चुनाग्रहणावर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा या प्रश्नाला प्रयोगाची भाषा मिळाली.

सोडियमची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. वनस्पतीला सोडियमची फारशी गरज नसते. समुद्रापासून दूरच्या गोड्या गाळात वाढलेल्या चाऱ्यात ते अगदी कमी असते, तर पोटॅशियम भरपूर असते. गाय दिवसाला १०० लिटरांहून अधिक लाळ निर्माण करते आणि या लाळेतील सोडियमवर तिच्या पहिल्या पोटातील आंबवण्याची क्रिया तोलली जाते. मीठ मिळेनासे झाले की लाळेतील सोडियमची जागा पोटॅशियम घेऊ लागते आणि पोटातील साठा हळूहळू वापरला जातो. त्यामुळे कित्येक आठवडे बाहेरून काहीच दिसत नाही. नंतर जनावर भिंती, लाकूड, दुसऱ्याचे मूत्र चाटू लागते, दूध घटते. ही उणीव शरीर स्वतःच झाकून ठेवते. नोंद न होण्याचे एक कारण शरीरशास्त्रातही आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

दुधाची बाजूही मोजण्याजोगी आहे. गाईच्या एक लिटर दुधातून सुमारे सव्वा ग्रॅम चुना, एक ग्रॅमच्या आसपास स्फुरद आणि जवळपास अर्धा ग्रॅम सोडियम बाहेर पडते. तिरुनागेश्वरम्‌च्या अभिषेकाचे दूध असो वा घरच्या वाटीतले, त्यातील प्रत्येक कण चाऱ्यातून किंवा गाईच्या हाडांतून आलेला असतो.

परंपरेने याची भरपाई कशी केली? तमिळ घराच्या परसात गाईसाठी ठेवलेल्या भांड्यात तांदळाचे धुवण ओतले जाते. त्यात तविडु म्हणजे कोंडा, पुण्णाक्कु म्हणजे पेंड आणि मूठभर मीठ कालवतात. आपल्याकडील आंबोणाचाच हा प्रकार. कोंड्यातून स्फुरद, पेंडीतून प्रथिने, खड्यातून सोडियम. कौटिल्याच्या यादीतील कणकुण्डक, पिण्याक आणि मुखलवण हे तीनही घटक या भांड्यात आहेत. ‘पिण्याक’ आणि ‘पिण्णाक्कु’ या शब्दांचे साम्यही नजरेआड करण्याजोगे नाही. ज्या गावचा देव अळणी जेवतो, त्या गावच्या गाईच्या भांड्यात मीठ पडते. राजकोठारातील यादीचे एक घरगुती रूप बायकांच्या रोजच्या कामात लिखिताबाहेर टिकून राहिले. मात्र ते घराजवळच्या दुभत्या गाईला मिळे. भाकड गाय, कालवड आणि कुळाचा बैल यांच्या वाट्याला पेंढाच अधिक येई.

प्रदेशाप्रमाणे जनावर घडते, याचे उदाहरणही याच खोऱ्यात आहे. आजच्या नागपट्टिनम् जिल्ह्यातील उंबळाचेरी गावाच्या नावाने ओळखली जाणारी गोवंशाची जात समुद्रकाठच्या खाऱ्या दलदलीच्या कुरणांवर वाढली. आकाराने ती मध्यम, पण भातखाचरातील चिखलकामात चिवट आहे. पश्चिमेकडील कोंगू भागातील कांगेयम् जात चुनखडीयुक्त जमिनीवरील कुरणांत पोसली गेली आणि ओढकामासाठी दूरवर मागितली गेली. एकीला मीठ जमिनीने दिले, दुसरीला चुना जमिनीने दिला. या दोन प्रदेशांच्या मध्ये, गोड्या पाण्याच्या सुपीक पट्ट्यातील बैलाला मात्र मीठ विकत घेऊनच द्यावे लागे.

६. विकतचे मीठ

म्हणूनच मिठाच्या किमतीचा इतिहास हा पशुपोषणाचाही इतिहास आहे. १८०५ साली कंपनी सरकारने मद्रास इलाख्यात मिठाचा मक्ता स्वतःकडे घेतला. १८८२ मध्ये मणामागे दोन रुपये असा कर ठरला, १८८८ मध्ये तो अडीच रुपये झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो टप्प्याटप्प्याने कमी होत १९०७ साली एक रुपयावर आला. १९१६ मध्ये सव्वा रुपया, १९२३ मध्ये पुन्हा अडीच आणि १९२४ मध्ये परत सव्वा रुपया झाला. मद्रासच्या १८८९ च्या मीठ कायद्याखाली परवान्यावाचून मीठ तयार करणे हा गुन्हा ठरला. वेदारण्यम्‌च्या खाजणात आपोआप साचणारे मीठही लोकांनी उचलू नये, असा बंदोबस्त होता.

एक साधा हिशेब मांडता येतो. एका बैलाला दिवसाला ३० ग्रॅम मीठ धरले, तर जोडीला वर्षाला सुमारे २२ किलो लागते. म्हणजे त्या वेळच्या मणाचे अर्ध्याहून थोडे अधिक. अडीच रुपयांच्या दराने त्यावरील नुसता कर दीड रुपयाच्या घरात जातो. शेतमजुराच्या अनेक दिवसांच्या मजुरीएवढी ही रक्कम होती. मिठाची किंमत त्याहून वेगळी. घरात माणसांना मीठ लागणारच; तेव्हा काटकसर कोठे होणार हे सांगावयास नको. मीठकराविषयीच्या वादात दरडोई खप हा शब्द वारंवार येतो. डोई माणसाची मोजली जात होती.

१३ एप्रिल १९३० रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी तिरुचिरापल्लीहून सुमारे शंभर सत्याग्रहींसह निघाले. तंजावर, कुंभकोणम्, मन्नारगुडी असा खोऱ्यातूनच प्रवास करीत ते २८ एप्रिलला वेदारण्यम्‌ला पोचले आणि ३० एप्रिलला त्यांनी मीठ उचलून कायदा मोडला. सत्याग्रहींना अन्न वा आसरा देणाऱ्यास शिक्षा होईल, असे तंजावरचे कलेक्टर थॉर्न यांनी जाहीर केले होते; तरी लोकांनी त्यांना जेवू घातले. तिरुनागेश्वरम्‌पासून हाकेच्या अंतरावरून गेलेली ही यात्रा राष्ट्रीय स्मृतीत माणसाच्या मिठाची म्हणून राहिली, आणि ते योग्यच आहे. पण ज्या खेड्यांतून ती गेली, त्यांच्या गोठ्यांनाही तिच्या मागणीशी कर्तव्य होते. एप्रिल १९४७ मध्ये मीठकर रद्द झाला.

शेतकऱ्याच्या जनावराच्या उपासमारीला राजकीय गद्यात स्थान देण्याचे श्रेय मराठीत जोतीराव फुले यांना द्यावे लागते. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने डोंगर-कुरणे बंद केल्यामुळे गुरांची झालेली दैना त्यांनी मांडली. विषय तंजावरचा नव्हे, पण वाङ्मयप्रकारांच्या इतिहासात हा टप्पा निर्णायक आहे. येथे प्रथमच बैल राजाच्या कोठाराचा घटक राहिला नाही; तो कुणब्याच्या कुटुंबाचा घटक म्हणून आला आणि त्याच्या खाण्यातील उणिवेला जबाबदार असा कर्ता वाक्यात उभा राहिला. उणीव ही केवळ निसर्गाची स्थिती नसून कोणाच्या तरी निर्णयाचा परिणाम असू शकते, हे या गद्याने दाखवले.

७. प्रयोगशाळेतील जनावर

‘अभावामुळे रोग होतो’ ही कल्पना आधुनिक वैद्यकात उशिरा रुजली, आणि ती रुजवण्यात पाळीव जनावरांचा वाटा मोठा आहे. १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमान यांनी सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना पाहिले. कोंडा चारला की त्या सुधारत. (सडलेला म्हणजे येथे कांडून शुभ्र केलेला, हे मराठी वाचकास सांगणे नको.) १९०७ ते १९११ या काळात अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे कालवडींचे गट करून एकाला केवळ मका, दुसऱ्याला गहू, तिसऱ्याला ओट आणि चौथ्याला मिश्रण असा चारा दिला गेला. तत्कालीन रसायनशास्त्राच्या हिशेबाने हे सारे आहार सारखेच संतुलित होते. तरी मक्यावरच्या कालवडींची वासरे सशक्त निघाली आणि गव्हावरच्यांची दुबळी वा मृत. तक्त्यातील बेरीज जुळली आणि जनावर मात्र खंगले. १९१२ साली फुंक यांनी ‘व्हिटॅमिन’ ही संज्ञा दिली. १९२० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत थायलर यांनी हाडे चघळणाऱ्या गुरांत स्फुरदाची उणीव दाखवून दिली. हाडांतील विषाने ती मरत, पण हाडांकडे त्यांना नेत होती ती जमिनीची उणीव.

तमिळ प्रदेशात हे शास्त्र निलगिरीवरील कुन्नूर येथे आले. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी तेथे कबुतरे आणि उंदीर यांच्यावर निरनिराळ्या प्रांतांच्या आहारांचे प्रयोग केले. त्यांत भातप्रधान मद्रासी आहार निकृष्ट ठरला. १९२६ मध्ये त्यांनी कोइमतूरच्या विश्वनाथ यांच्यासह शेणखतावरील आणि रासायनिक खतावरील धान्यांच्या पोषणमूल्यांची तुलना प्रसिद्ध केली. जमीन, पीक, जनावर, माणूस ही साखळी एका निबंधात आली. कुन्नूरची ही संस्था १९५८ साली हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. येथेही एक विषमता नोंदवावी लागते. प्रयोगशाळेत जनावर होते, पण ते माणसाच्या जागी उभे होते. कबुतराच्या पंगूपणातून माणसाचा बेरीबेरी वाचला जात होता. १९२८ च्या शेतकी आयोगापुढे तेलबिया, पेंड आणि हाडे यांच्या निर्यातीचा प्रश्न आला. निर्यातबंदीची मागणी आयोगाने मान्य केली नाही. चुना आणि स्फुरद जहाजांतून देशाबाहेर जात राहिले.

स्वातंत्र्योत्तर काळात चित्र पालटले. तमिळनाडूत १९८९ साली पशुवैद्यक विद्यापीठ स्थापन झाले, १९९५ साली बंगळूर येथे राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्था उभी राहिली. जिल्ह्याजिल्ह्यातील माती, चारा आणि रक्त तपासून त्या त्या भागासाठी खनिज-मिश्रणे ठरवण्याचे काम सुरू झाले. तांबे, जस्त, कोबाल्ट यांच्या सूक्ष्म उणिवांना आता नकाशे आहेत. मिश्रणाच्या पिशवीवरील घटकांची यादी ही कौटिल्याच्या यादीचीच दूरची वंशज म्हणता येईल. फरक इतका, की ती दोन गाईंच्या मालकालाही उद्देशून लिहिलेली आहे.

८. समारोप

वर पाहिलेल्या संहितांचा क्रम लावला, तर एक गोष्ट स्पष्ट होते. मिठाचे ज्ञान या प्रदेशात कधीच अनुपस्थित नव्हते. कौटिल्याच्या यादीपासून परसातील भांड्यापर्यंत ते सलग आढळते. अनुपस्थित होती ती नांगराच्या बैलासाठी ते ज्ञान हक्काच्या भाषेत मांडणारी संहिता. स्थलपुराणाने अळणीपणाला प्रेमाचा अर्थ दिला, शास्त्राने राजपशूंना प्रमाण दिले, प्रवाशाने तुलना दिली, कायद्याने किंमत लावली, प्रयोगशाळेने कारण दाखवले. यांतील प्रत्येक ठिकाणी जनावर कोणाच्या तरी जागी किंवा कोणासाठी तरी उभे आहे.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने यातून एक कार्यक्रम घ्यावा, असे सुचवावेसे वाटते. आहाराच्या याद्या, कोठीचे हिशेब, तंजावर दरबाराचे मोडी जमाखर्च यांना आपण आजवर साधनसामग्री मानत आलो. त्या स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणूनही वाचल्या पाहिजेत. तंजावरच्या मोडी कागदांचा काही भाग तमिळ विद्यापीठाने तमिळमध्ये आणला आहे. मराठी, तमिळ आणि संस्कृत या तीन भाषांतील पशुखाद्याच्या शब्दांचा, मापांचा आणि क्रियापदांचा एकत्र कोश झाला, तर कोणत्या जनावराला ‘देणे’ होते, कोणाला ‘चारणे’ होते आणि कोणाला ‘सोडणे’ होते, हे कळेल. त्या क्रियापदांत एका कृषिसंस्कृतीचा नैतिक हिशेब दडलेला आहे. देवाने मीठ सोडले याची कथा झाली, कारण त्याला ते मागण्याचा अधिकार होता. बैलाला मीठ मिळाले नाही, हे वाक्य पूर्ण करावयाचे तर ते कोणी दिले नाही, हेही लिहावे लागते. आणि इतिहासाचे काम तेथून सुरू होते.